टॉर्चच्या सेलवर छापलेला आकडा आणि आमच्या चिठ्ठीवरचा आकडा

आमच्या दुकानातून टॉर्चचा सेल नेलात की त्यावर एक छोटी पांढरी चिठ्ठी चिकटवलेली असते. तिच्यावर आम्ही तपासून पेनाने लिहिलेला क्षमतेचा आकडा असतो, २४६० किंवा २५१० एमएएच असा. बरेच ग्राहक विचारतात, "बाजारात ९९०० एमएएचचा मिळतो, तोही निम्म्या किमतीत. मग तुमचा अडीच हजार एमएएचचा कशाला घ्यायचा?" प्रश्न रास्त आहे. गर्दीच्या वेळी काउंटरवर नीट सांगता येत नाही, म्हणून हे पत्रक.

टॉर्चमध्ये बहुतेक वेळा १८६५० मापाचा लिथियम-आयन सेल असतो. १८ मिलिमीटर जाडी, ६५ मिलिमीटर लांबी, आणि शेवटचे शून्य म्हणजे आकार नळकांड्याचा. एमएएच म्हणजे किती मिलिअँपिअर करंट किती तास मिळेल, त्याचा गुणाकार. १९९१ साली सोनीने लिथियम-आयन सेल पहिल्यांदा बाजारात आणले. तेव्हापासून पुष्कळ सुधारणा झाल्या, तरी १८६५० चे नळकांडे तेवढेच आहे. चांगल्या कारखान्यांचे, सर्रास मिळणारे उत्तम सेल आज ३५०० एमएएचच्या आसपास थांबतात. त्यामुळे या मापाच्या सेलवर ६८०० किंवा ९९०० छापलेले असेल तर तो आकडा खोटा आहे. ते ओळखायला क्षमता तपासायचे मशीनही लागत नाही.

२०२४ च्या ऑगस्टअखेर विश्वामित्रीला पूर आला, तेव्हा बडोद्यात कितीतरी घरांत वीज नव्हती. पाणी ओसरल्यावर कारेलीबागेतल्या एका काकू टॉर्च घेऊन आल्या. "अहो, नवीन आहे, रात्रभर चार्ज केली होती, आणि तासाभराच्या आत विझली. जिन्यात पाणी, हातात अंधार." सेलवर ९९०० छापलेले होते. आम्ही तो काट्यावर ठेवला, २७ ग्रॅम भरला. या मापाचा खरा सेल साधारण ४५ ग्रॅमच्या पुढे असतो. मग पूर्ण चार्ज करून मशीनला लावला. ५०० मिलिअँपिअरने तो १ तास २२ मिनिटे चालला, म्हणजे ६८३ एमएएच. त्यांची टॉर्च पूर्ण उजेडावर सुमारे १ अँपिअर ओढत होती. चाळीस मिनिटांत अंधार होणारच होता. त्या दिवसापासून दुकानात आलेला प्रत्येक सेल तपासल्याशिवाय विकायचा नाही, असे आम्ही ठरवले.

तपासणी अशी होते. सेल ४.२ व्होल्टपर्यंत पूर्ण चार्ज करतो आणि तासभर तसाच ठेवतो. मग मशीन त्यातून एकसारखा ५०० मिलिअँपिअर करंट काढत राहते आणि २.८ व्होल्टला आपोआप थांबते. त्याच्या फार खाली उतरवला तर सेलचे कायमचे नुकसान होऊ शकते. लागलेला वेळ गुणिले करंट, हाच चिठ्ठीवरचा आकडा. करंट सगळ्यांना सारखाच ठेवतो, कारण जास्त करंट काढला की तोच सेल कमी आकडा दाखवतो आणि मग दोन सेलांची तुलना करता येत नाही. अडीच हजार एमएएचचा सेल रिकामा व्हायला पाच तास लागतात, त्याच्या आधी आणि नंतर चार्जिंग. म्हणून तुमचा सेल आणलात तर दोन दिवस ठेवून जावा लागतो. पैसे घेत नाही.

"मल्टिमीटरवर ४.२ दाखवतोय, म्हणजे सेल चांगला" हे वाक्य आम्ही रोज ऐकतो. काठोकाठ तांब्याही भरतो आणि घागरही. मीटर फक्त भरलेय की नाही ते सांगतो. वजनाचेही अर्धेच खरे: हलका सेल नक्की खोटा, पण जड सेल खरा असेलच असे नाही. आत भुकटी भरून वजन वाढवलेले सेलही असतात. काही सेल जुन्या लॅपटॉप बॅटऱ्यांतून काढून नवे वेष्टण चढवलेले असतात. त्यांचे वजन बरोबर भरते, क्षमता मात्र गेलेली असते. असे सेल आम्ही ठेवत नाही.

सेलवर आयएस १६०४६ आणि आर अक्षराने सुरू होणारा भारतीय मानक ब्युरोचा नोंदणी क्रमांक आहे का, तेही बघा. तो सुरक्षिततेचा आहे, एमएएचची खात्री त्याने होत नाही. तरी तो नसलेला सेल घरात आणू नका, असेच आम्ही सांगू.

घरच्या घरी बघायचे तर एकाच टॉर्चमध्ये आधी एक, मग दुसरा सेल घाला. दोन्ही पूर्ण चार्ज, उजेड तोच, आणि घड्याळ लावा. उजेड स्पष्ट मंदावला की टॉर्च बंद करा, पूर्ण विझेपर्यंत थांबू नका. टॉर्च तापते, तेव्हा ती चालू ठेवून बाहेर जाऊ नका.

एक गोष्ट मात्र आजच करा. सेल हातात घेऊन उंचवट्याच्या, म्हणजे प्लसच्या टोकाशी प्लास्टिकचे वेष्टण बघा. या सेलचा सगळा धातूचा डबा मायनस असतो, अगदी प्लसच्या बोंडाभोवतीच्या कडेपर्यंत. मध्ये असते ती एक पातळ चकती आणि हे वेष्टण. ते तिथे फाटले असेल तर टॉर्चच्या आतला पत्रा लागून शॉर्ट व्हायला वेळ लागत नाही. असा सेल वापरू नका. फुगलेला किंवा पुराच्या पाण्यात भिजलेला सेल उन्हात वाळवून पुन्हा चार्ज करू नका.

असे सेल घरच्या कचऱ्यात टाकू नका, कचऱ्याच्या गाडीत चेपला गेला तर पेटू शकतो. दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून दुकानात आणून द्या. कुठून घेतलाय हे आम्ही विचारणार नाही. दाराजवळ वाळूचा डबा ठेवला आहे, त्यात जमा करून ई-कचरा घेणाऱ्यांकडे देतो.