डीसी कन्व्हर्टर : वापर व दोषनिवारण (खानदेश)

डीसी कन्व्हर्टर : एका दाबाचा (व्होल्टेजचा) एकदिश (डीसी) विद्युत प्रवाह घेऊन तो दुसऱ्या दाबाचा करून देणारे इलेक्ट्रॉनिक साधन. परिभाषेत याला ‘परिवर्तक’ म्हणतात. पण सावद्याच्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे जाऊन परिवर्तक मागितला तर तो तोंडाकडे पाहत राहील. खानदेशात हे साधन मुख्यतः दोन ठिकाणी भेटते : रावेर-सावद्याची केळी घेऊन उत्तरेकडे निघालेल्या ट्रकच्या केबिनमध्ये आणि शेतातल्या सौर पंपाच्या कंट्रोलरमध्ये.

ट्रकची यंत्रणा २४ व्होल्टची, म्हणजे १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकसरीत जोडलेल्या. केबिनमधला टेप किंवा छोटा पंखा मात्र बहुधा १२ व्होल्टचा असतो. मधला फरक रोधकावर जिरवायचा ठरवला, तर १० अँपिअरला १२० वॉट नुसती उष्णता होईल. कन्व्हर्टर दाब जिरवत नाही, प्रवाहाचे तुकडे पाडतो. आतला मॉस्फेट, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्विच, सेकंदाला हजारो ते लाखो वेळा चालू-बंद होतो, कॉइल ऊर्जा साठवून सोडते आणि कपॅसिटर उरलेला चढउतार सपाट करतो. मॉस्फेट जितका वेळ चालू, तितका दाब बाहेर : आत २७.६ व्होल्ट येत असतील आणि बाहेर १३.८ हवे असतील, तर तो साधारण निम्मा वेळ चालू राहतो. याच सुट्या भागांची मांडणी बदलली की दाब वाढवणारा कन्व्हर्टर होतो.

कन्व्हर्टरचा खर्च टाळायला दोनपैकी एकाच बॅटरीवरून १२ व्होल्ट काढायची युक्ती सर्रास चालते. ती महागात पडते. ज्या बॅटरीवर जादा भार, ती कायम अर्धपोटी राहते. दुसरी गरजेपेक्षा जास्त चार्ज होऊन पाणी आटवते. शेवटी दोन्ही बदलाव्या लागतात.

बिघाड शोधताना डबा उघडण्याची घाई करू नये. दोष बहुतेक वेळा बाहेरच असतो : सैल लग (वायरीच्या टोकाची धातूची कडी), हिरवा पडलेला टर्मिनल, बारीक वायर. यामागे कन्व्हर्टरचा एक स्वभाव आहे. बाहेरचा भार तोच असेल तर आत येणारा दाब घटला की तो जास्त प्रवाह ओढतो. जास्त प्रवाहाने वायरीतली घट वाढते, दाब आणखी पडतो आणि शेवटी कन्व्हर्टर स्वतःला बंद करून घेतो. भार सुटला की दाब सावरतो, तो पुन्हा सुरू होतो. टेप लावला की टिक-टिक आवाज आणि दिव्याची उघडझाप, ती यामुळे असू शकते. बाहेरचा भार झेपत नसला किंवा शॉर्ट असला तरी हेच लक्षण दिसते.

म्हणून मीटर भार चालू ठेवूनच लावावा. बॅटरीवर २५.२ व्होल्ट आणि कन्व्हर्टरच्या तोंडाशी २२.६ दिसले, तर २.६ व्होल्ट वाटेत हरवले. भार काढून पाहिले तर दोन्हीकडे आकडा सारखाच येतो आणि मेकॅनिक ‘सप्लाय बरोबर आहे’ म्हणून नवा कन्व्हर्टर बसवतो. मीटरची एक पिन फ्यूज होल्डरच्या अलीकडे, दुसरी पलीकडे टेकवली की चोर बऱ्याचदा तिथेच सापडतो.

फ्यूज पुन्हा पुन्हा उडत असेल तर आधी अधिक-उणे उलटे जोडले आहे का ते पाहावे. फ्यूजच्या जागी तार गुंडाळू नये. सर्वांत घातक दोष मॉस्फेट शॉर्ट होण्याचा : आतले २४ व्होल्ट थेट बाहेर येतात आणि टेप जळतो. संशय असेल तेव्हा १२ व्होल्टची सगळी उपकरणे सोडवून रिकामा आउटपुट मोजावा.

उन्हाचा प्रश्न इथे वेगळाच. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांना भिडतो, इंजिनाशेजारच्या कोपऱ्यात त्याहून वर. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचे आयुष्य तापमान १० अंशांनी वाढले की ढोबळमानाने निम्मे होते. माथा फुगलेला कपॅसिटर आणि स्पीकरमध्ये शिरलेली बारीक शिट्टी ही त्याची खूण. कन्व्हर्टर पत्र्याला घट्ट टेकवून, उष्णता बाहेर टाकणाऱ्या त्याच्या पट्ट्या (फिन) उभ्या राहतील असा बसवावा. पोत्याखाली दडपलेला कन्व्हर्टर दुपारी बंद पडतो आणि रात्री गार झाल्यावर मुकाट चालतो. तो बिघडलेला नसतो.

सौर पंपाच्या कंट्रोलरमध्ये तत्त्व हेच, पण पॅनेलच्या ओळीचा दाब कित्येक शे व्होल्टपर्यंत जातो. कंट्रोलर ऊन कमी-जास्त होईल तसा पॅनेलमधून जास्तीत जास्त शक्ती मिळेल असा दाब शोधत राहतो. पंप सकाळी चालतो आणि दुपारी थांबतो, तेव्हा पॅनेलवर झाडाची सावली पडते का ते आधी तपासावे. पंप चालू असताना पॅनेलची जोडणी ओढून काढू नये : एसीचा प्रवाह क्षणोक्षणी शून्यावर येतो, तसा डीसीचा येत नाही, त्यामुळे लागलेली ठिणगी विझत नाही, ताणत जाते. आधी पंप बंद, मग डीसी आयसोलेटर, म्हणजे पॅनेलची जोडणी तोडणारा स्विच. त्यानंतरही आतले कपॅसिटर रिकामे व्हायला काही मिनिटे लागतात, आणि ऊन आहे तोवर आयसोलेटरच्या पॅनेलकडच्या बाजूला दाब तसाच असतो.