जीमूतवाहन : विद्याधरांचा राजा आणि ठाण्याच्या शिलाहारांचा कल्पित मूळपुरुष

संस्कृत कथावाङ्मयातील विद्याधरांचा चक्रवर्ती राजा. हा ऐतिहासिक पुरुष नव्हे. बंगालमध्ये प्रमाण मानल्या गेलेल्या ‘दायभाग’ या धर्मशास्त्रीय ग्रंथाचा कर्ता जीमूतवाहन वेगळा. त्या दोघांत नावापलीकडे काही समान नाही. कथेतला हा राजा महाराष्ट्राच्या इतिहासात येतो तो ठाण्याच्या वाटेने. सुमारे इ. स. ८०० ते १२६५ या काळात उत्तर कोकणावर राज्य केलेल्या शिलाहार घराण्याने आपली उत्पत्ती त्याच्यापासून सांगितली, आणि त्यामुळे राज्य सोडून देण्यासाठी प्रसिद्ध असलेला राजा राज्य टिकवू पाहणाऱ्यांचा पूर्वज झाला.

जीमूत म्हणजे मेघ. मेघ हे ज्याचे वाहन तो जीमूतवाहन. विद्याधर या शब्दातील ‘विद्या’ शाळेत शिकायची विद्या नव्हे. जिच्या सिद्धीने आकाशात संचार करता येतो, अदृश्य होता येते, रूप पालटता येते, अशी मंत्रशक्ती येथे अभिप्रेत आहे, आणि ती धारण करणारा तो विद्याधर. मराठीत मांत्रिक म्हटले की करणी, चेटूक, लिंबू आणि टाचण्या डोळ्यांपुढे येतात, परंतु विद्याधराच्या कल्पनेत ही काळी छटा सहसा नसते. तो देवांहून खालचा, माणसांहून वरचा, संगीताची आवड असलेला आणि हातात खड्ग घेऊन आकाशमार्गे फिरणारा आहे. जैन परंपरेने तर या कल्पनेचा फार मोठा विस्तार केला. विमलसूरीच्या ‘पउमचरिय’मध्ये रावणाचे राक्षस आणि किष्किंधेचे वानर हे दोन्ही विद्याधरांचेच वंश ठरतात, आणि रावण हा राक्षस न राहता विद्या साधलेला राजा होतो.

जीमूतवाहनाची सविस्तर कथा सोमदेवाच्या ‘कथासरित्सागरा’त आढळते. अकराव्या शतकात काश्मीरचा राजा अनंत याची राणी सूर्यमती हिच्या मनोरंजनासाठी रचलेल्या या ग्रंथात ती एकदा नव्हे, दोनदा सांगितली आहे. दुसऱ्यांदा ती वेताळपंचविशीच्या कथांपैकी एक म्हणून येते. हिमालयावरील कांचनपुरात जीमूतकेतू हा विद्याधरांचा राजा राज्य करीत होता. त्याच्या उद्यानात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला कल्पवृक्ष होता, त्याच वृक्षाच्या कृपेने त्याला मुलगा झाला आणि तोच जीमूतवाहन. हा मुलगा पूर्वजन्म आठवणारा होता. युवराज झाल्यावर त्याने वडिलांच्या संमतीने कल्पवृक्षाकडे एकच मागणे मागितले, ते म्हणजे साऱ्या पृथ्वीचे दारिद्र्य नाहीसे कर. वृक्षाने आकाशात उडून सोन्याचा वर्षाव केला आणि तो निघून गेला.

राजाच्या उत्कर्षाची आणि ऱ्हासाची कारणे या कथेत एकच आहेत, हे तिचे वेगळेपण. ज्या दानामुळे त्याची कीर्ती झाली त्याच दानामुळे घराण्याचे बळ गेले, कारण कल्पवृक्ष नाहीसा झाल्याचे पाहताच भाऊबंदांनी राज्य हिरावून घेण्यासाठी सैन्याची जमवाजमव केली. त्यांच्याशी लढण्याचे सामर्थ्य जीमूतवाहनापाशी होते, पण नाशवंत देहासाठी आप्तांना मारून राज्य राखणे त्याने नाकारले आणि आईवडिलांना घेऊन तो मलय पर्वतावर राहायला गेला. मांत्रिक-राजांच्या कथांत सामान्यतः शक्तीचा अतिरेक राजाला बुडवतो. येथे राजा शक्ती वापरतच नाही.

मलय पर्वतावर गौरीच्या मंदिरात वीणा वाजविणारी सिद्धराजकन्या मलयवती त्याला भेटते, तिचा भाऊ मित्रावसू याच्या पुढाकाराने दोघांचा विवाह होतो, आणि येथवर कथा नेहमीच्या शृंगारकथेच्या वळणाने जाते. पुढे समुद्रकाठी फिरताना जीमूतवाहनाला हाडांचे ढीग दिसतात. गरुडाने सर्व नागांचा एकदम संहार करू नये म्हणून नागराज वासुकीने त्याच्याशी करार केला असून त्यानुसार रोज एक नाग वध्यशिलेवर पाठविला जातो, असे त्याला कळते. त्या दिवशी शंखचूड या तरुण नागाची पाळी असते आणि त्याची वृद्ध आई आक्रोश करीत असते. शंखचूड मरणापूर्वी गोकर्णाच्या महादेवाला नमस्कार करायला गेला असता जीमूतवाहन त्याच्या जागी शिळेवर जाऊन बसतो. गरुड त्याला उचलून नेतो, खाऊ लागतो आणि भक्ष्य वेदनेने ओरडण्याऐवजी प्रसन्न का दिसते याचे त्याला आश्चर्य वाटते. शंखचूड रक्ताचा माग काढीत तेथे पोहोचतो आणि नाग मी आहे, हा नव्हे, असे ओरडून सांगतो. गरुडाला पश्चात्ताप होतो. गौरी प्रकट होऊन जीमूतवाहनाला जिवंत करते व विद्याधरांचे चक्रवर्तिपद देते. अमृताच्या वर्षावाने पूर्वी मारले गेलेले नागही उठून उभे राहतात.

कथेतील गोकर्ण हे पश्चिम किनाऱ्यावरील, परशुरामक्षेत्रातले तीर्थस्थान आहे, ही गोष्ट पुढच्या विवेचनासाठी ध्यानात ठेवण्याजोगी आहे. हिमालयात जन्मलेला हा राजा मरतो आणि पुन्हा राजा होतो तो दक्षिणेच्या समुद्रकाठी.

वेताळपंचविशीतील आवृत्तीत कथेच्या शेवटी वेताळ राजाला विचारतो की, जीमूतवाहन आणि शंखचूड या दोघांत अधिक धैर्यवान कोण. राजा शंखचूडाचे नाव घेतो. जीमूतवाहनाला जन्मोजन्मीच्या अभ्यासाने त्याग अंगवळणी पडला होता. पण आयता जीव वाचलेला असतानाही जो शत्रूच्या मागे धावत गेला आणि स्वतःचा देह पुढे करता झाला, त्या शंखचूडाचे मोल जास्त, असा त्याचा युक्तिवाद आहे. कथेनेच आपल्या नायकाला दुय्यम ठरविण्याचा असा प्रसंग विरळा.

सोमदेवाच्या आधी चार शतके, सातव्या शतकात, सम्राट हर्षाच्या नावावर असलेल्या ‘नागानंद’ या पाच अंकी नाटकाने ही कथा रंगभूमीवर आणली होती. या नाटकाची नांदी बुद्धाला उद्देशून आहे आणि शेवटचा वर मात्र गौरीचा आहे. चिनी यात्रेकरू इत्सिंग याने हर्षाचा उल्लेख शीलादित्य या नावाने करून, नागाऐवजी स्वतःला अर्पण करणाऱ्या बोधिसत्त्व जीमूतवाहनाची कथा त्याने पद्यबद्ध केल्याचे नमूद केले आहे. म्हणजे एकाच राजाला बौद्धांनी बोधिसत्त्व आणि शैवांनी गौरीचा कृपापात्र मानले. या सर्व कथांचे मूळ गुणाढ्याच्या पैशाची भाषेतील ‘बृहत्कथे’त मानले जाते. तो ग्रंथ आज उपलब्ध नाही; परंपरा त्याचा संबंध प्रतिष्ठानच्या, म्हणजे पैठणच्या, सातवाहन दरबाराशी जोडते.

शिलाहारांनी हा पूर्वज का निवडला, याचे एक उत्तर त्यांच्या नावातच आहे. शिला म्हणजे खडक आणि आहार म्हणजे भक्ष्य. शिळेवर गरुडाचा आहार झालेल्याचा वंश तो शिलाहार. ही व्युत्पत्ती जुळवून घेतलेली आहे, हे उघड आहे. कोरीव लेखांत सिलार, शिलार, सीलार अशी रूपे येतात आणि संस्कृत पंडितांनी देशी नावाला कथेचा पोशाख चढविला असावा, असे मानण्यास त्यांमुळे आधार मिळतो. पुढील काही ताम्रपटांत वेगळीच कथा येते. परशुरामाच्या बाणांनी त्रस्त झालेल्या समुद्राला शिलार नावाच्या वीराने अभय दिले, असे तेथे म्हटले आहे. ही दुसरी कथा अस्सल कोकणी मातीतली वाटते. समुद्र हटवून भूमी मिळविल्याच्या आख्यायिकेला तिने समुद्राच्या बाजूने उत्तर दिले आहे.

उत्तर कोकणच्या शाखेचा पहिला ज्ञात राजा कपर्दी हा राष्ट्रकूटांचा मांडलिक होता. त्याच्या मुलाच्या, पुल्लशक्तीच्या, काळातील कान्हेरी लेण्यांतला इ. स. ८४३ चा लेख त्रोटक आहे. वंशाची लांबलचक प्रशस्ती आढळते ती दहाव्या शतकाच्या शेवटी अपराजिताच्या ताम्रपटांतून. भिवंडीजवळच्या भादाण येथील शके ९१९ च्या, म्हणजे इ. स. ९९७ च्या, दानपत्रात राष्ट्रकूटांची वंशावळ देऊन त्यांच्या सत्तेच्या अस्ताबद्दल हळहळही व्यक्त केली आहे. सम्राटच उरला नाही तेव्हा मांडलिकाला स्वतःचा मोठा पूर्वज लागला, असे अनुमान या कालक्रमावरून करता येते. बिरुदावलीत ‘जीमूतवाहनान्वयप्रसूत’ (जीमूतवाहनाच्या वंशात जन्मलेला) आणि ‘सुवर्णगरुडध्वज’ ही पदे शेजारीशेजारी येतात. ज्या पक्ष्याने पूर्वजाला खाल्ले त्यालाच निशाणावर मिरवणे प्रथमदर्शनी विचित्र वाटते, परंतु कथेच्या शेवटी गरुड हाच नमलेला पक्ष आहे. शिवाय राष्ट्रकूटांच्या मुद्रांवरही गरुड होता, त्यामुळे ध्वज आधी आला आणि त्याला शोभणारी कथा नंतर, ही शक्यता नाकारता येत नाही.

तिसरे बिरुद ‘तगरपुरपरमेश्वर’ असे आहे. तगर म्हणजे धाराशिव जिल्ह्यातील तेर. पहिल्या शतकातील ग्रीक प्रवासवर्णन ‘पेरिप्लस’ पैठण आणि तगर यांचा उल्लेख एकत्र करते आणि लगेच पुढे कल्याणच्या बंदराचे नाव घेते. जीमूतवाहनाची कथा पैठणच्या परंपरेतली, घराणे स्वतःला तगरचे म्हणविणारे आणि त्याचे राज्य कल्याण-ठाण्याच्या खाड्यांवर, हा मेळ केवळ योगायोग म्हणून सोडून देण्यासारखा नाही. मालाबरोबर गोष्टीही घाटाखाली उतरत असत.

ठाणे शहराशी या राजाचा सर्वांत थेट धागा शिलाहार राजा अरिकेसरी याच्या ताम्रपटाने जोडला आहे. शके ९३९ मध्ये, म्हणजे इ. स. १०१७ मध्ये, दिलेला हा पट अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात ठाण्याच्या किल्ल्यात पायासाठी खोदताना सापडला. आज त्याच किल्ल्यात मध्यवर्ती कारागृह आहे. कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकाच्या १७८८ सालच्या पहिल्याच खंडात या पटाचे भाषांतर छापले गेले, आणि जीमूतकेतूचा पुत्र, गरुडापासून शंखचूडाला वाचविणारा जीमूतवाहन युरोपीय वाचकांना भेटला तो आधी कोणत्याही कथासंग्रहातून नव्हे, तर ठाण्याच्या एका जमीनदानाच्या कागदपत्रातून, असे म्हणायला हरकत नाही. त्यानंतर भांडुपजवळ छित्तराजाचा शके ९४८ चा पट मिळाला; त्यात ठाण्याचे ‘श्रीस्थानक’ हे नाव आहे. याच छित्तराजाने आरंभिलेले आणि मुम्मुणीच्या काळात, शके ९८२ मध्ये, पूर्ण झालेले अंबरनाथचे शिवमंदिर ही घराण्याची सर्वांत मोठी वास्तू होय.

पूर्वजाचा उपयोग केवळ दानपत्रांपुरता राहिला नाही. बाराव्या शतकातील अपरादित्याने याज्ञवल्क्यस्मृतीवर लिहिलेली ‘अपरार्क’ ही टीका धर्मशास्त्रात प्रमाण मानली जाते, आणि तिच्या प्रकरणान्ती ग्रंथकर्ता आपण श्रीविद्याधरवंशातील, जीमूतवाहनाच्या कुळातील शिलाहार नरेंद्र असल्याचे सांगतो. वारसा, व्यवहार आणि प्रायश्चित्त यांची काटेकोर चर्चा करणारा लेखक स्वतःला आकाशगामी मांत्रिकांचा वंशज म्हणवितो, यात त्या काळाला काही विसंगत वाटले नाही. कोकणाधीश अपरादित्याचा दूत तेजकंठ काश्मीरमधील पंडितसभेला हजर होता, असे मंखाच्या ‘श्रीकंठचरिता’त म्हटले आहे, सोमदेवाच्या प्रदेशात शिलाहारांची ओळख पोहोचली होती, एवढे त्यावरून निश्चित होते.

लोकांच्या भाषेत मात्र शिलाहारांचा धाक संस्कृत कथेने बसविला नाही. तो बसविला गद्धेगळांनी. दान मोडणाऱ्याच्या आईला गाढवाची शिवी देणारे हे शिलालेख उत्तर कोकणात ठिकठिकाणी आढळतात, आणि अपरादित्याच्या (दुसऱ्या) काळातील परळच्या ११८७ सालच्या लेखात ती शापवाणी सरळ मराठीत कोरलेली आहे. विद्याधराच्या वंशजांना मंत्राची गरज पडली तेव्हा त्यांनी तो गावकऱ्यांच्या बोलीत लिहिला.

घराण्याचा शेवट सोमेश्वराच्या काळात झाला. उरण परिसरातील रानवड आणि चांजे येथील अनुक्रमे १२५९ व १२६० सालचे त्याचे लेख हे या वंशाच्या अखेरच्या लेखांपैकी आहेत. देवगिरीच्या महादेव यादवाने १२६५ च्या सुमारास त्याचा पराभव केला. यादवांचा मंत्री हेमाद्री लिहितो की, महादेवाच्या कोपापेक्षा सोमेश्वराने समुद्रातील वडवाग्नी बरा मानला. म्हणजे तो आरमारी लढाईत बुडाला. बोरिवलीजवळच्या एकसर येथील वीरगळांवर कोरलेले जहाजांचे युद्ध याच लढाईचे असावे, असे काही अभ्यासक मानतात. समुद्राला अभय देणाऱ्या शिलाराच्या वंशातला शेवटचा राजा समुद्रातच गेला. हेमाद्रीला ती कोकणी आख्यायिका ठाऊक असती तर त्याने यावर आणखी एक श्लोक केला असता.

शेलार हे आडनाव शिलाहार नावावरून आल्याचे सर्वसाधारणपणे सांगितले जाते. ठाण्यात मासुंदा तलावाकाठचे कोपिनेश्वर मंदिर आणि गावातील अनेक तलाव शिलाहारांच्या नावे सांगण्याची प्रथा आहे. मंदिराची सध्याची वास्तू मात्र मराठी अमलातली आणि त्यानंतरची घडण दाखविते. या साऱ्या स्मृतीत राजांची नावे उरली, जीमूतवाहनाचे उरले नाही. वा. वि. मिराशी यांनी शिलाहारांचे लेख संपादून १९७७ मध्ये एकत्र प्रसिद्ध केल्यामुळे अभ्यासकांना तो परिचित आहे, एरवी मराठी घरात त्याच्या नावाचे व्रत नाही आणि कहाणीही नाही.

उत्तर भारतात मात्र आहे. बिहार, पूर्व उत्तर प्रदेश, झारखंड आणि नेपाळची तराई येथे जितिया किंवा जीवित्पुत्रिका हे व्रत आश्विन वद्य अष्टमीला, आपल्या अमान्त गणनेने भाद्रपद वद्य अष्टमीला, म्हणजे ऐन पितृपक्षात येते. त्या दिवशी आया मुलांच्या दीर्घायुष्यासाठी पाणीही न पिता उपवास करतात, जीमूतवाहनाची पूजा करतात आणि त्याच्या कथेबरोबर घार व कोल्हीण यांची कहाणी ऐकतात. ठाणे, कळवा, दिवा, ऐरोली, तुर्भे या भागांत स्थायिक झालेल्या कुटुंबांबरोबर हे व्रत येथेही आले आहे. या कथेत राज्य, कल्पवृक्ष आणि चक्रवर्तिपद मागे पडले असून मध्यभागी राहिली आहे ती शिळेपाशी रडणारी शंखचूडाची आई. श्रीस्थानकाच्या ताम्रपटांवर साडेसात शतकांपूर्वी थांबलेले ते नाव ठाण्याच्या चाळींत वर्षातून एकदा पुन्हा उच्चारले जाते, आणि ते उच्चारणाऱ्या बायकांना शिलाहार ठाऊक असण्याचे काही कारण नाही.