मेंढीचे अंग लिव्हर फ्लूकशी कसे झगडते, आणि औषध कधी पाजायचे
ग्राहकांसाठी माहितीपत्रक

भातकापणी आटोपली की घाटावरचे धनगर आपापली खांडं घेऊन कोकणात उतरतात. खाचरात मेंढरे बसतात, शेताला लेंडीखत मिळते, मेंढरांना हिरवे खायला मिळते. याच दिवसांत आमच्याकडे लेंड्यांच्या नमुन्यांबरोबर एक प्रश्न हमखास येतो: "ही मेंढी गेल्या साली फ्लूकने खंगली होती, औषधाने उठली. आता तिच्या अंगात ताकद आली असेल, परत औषध कशाला?"

तशी ताकद येते असे धरून चालू नका. पीपीआर या विषाणूच्या रोगातून वाचलेल्या मेंढीला पीपीआर पुन्हा होत नाही, पण फ्लूकचा, म्हणजे कलेजीत राहणाऱ्या चपट्या कृमीचा, हिशेब निराळा आहे. मेंढीचे अंग त्याच्याशी झगडते, जोरात झगडते. फक्त तो झगडा उशिरा सुरू होतो आणि बहुतेक वेळा चुकीच्या जागी होतो. हे नीट समजले तर औषध कोणते आणि कधी, हे आपोआप समजते.

कृमी कोणता आणि लागतो कसा

आपल्याकडे सापडतो तो मुख्यतः फॅसिओला जायगँटिका. अडीच ते साडेसात सेंटिमीटर लांब, चपटा, बांबूच्या कोवळ्या पानासारखा. थंड प्रदेशातला फॅसिओला हेपॅटिका आखूड असतो आणि त्याचे खांदे रुंद असतात. लेंडीतून पडलेले अंडे पाण्यात सुमारे दोन आठवड्यांत फुटते. त्यातून निघालेल्या पिल्लाला एका दिवसाच्या आत लिम्निया जातीची गोगलगाय गाठावी लागते, नाहीतर ते मरते. ही गोगलगाय ओळखायला सोपी आहे. पातळ, पिवळसर शंख टोक वर करून धरा आणि तोंड आपल्याकडे फिरवा. उघडी बाजू उजव्या हाताला येते. चकलीसारखा चपटा वेटोळा शंख दिसला तर ती इंडोप्लॅनॉर्बिस. ती पोटातल्या अँफिस्टोम कृमीचा प्रसार करते, फ्लूकचा नाही.

गोगलगायीत पाच ते आठ आठवडे वाढून एका पिल्लाची शेकडो पिल्ले होतात. ती बाहेर पडून पाण्यालगतच्या गवतावर, लव्हाळ्यावर, भाताच्या बुडख्यावर पुटकुळी करून चिकटतात. मेंढी ते गवत खाते.

कोकणात खरा धोका भर पावसातला नसतो. पाऊस सरला की व्हाळ आणि तळी आटू लागतात, हिरवे गवत फक्त पाण्याच्या काठाला उरते आणि सगळी खांड तिथेच तोंड घालते. वायंगणी शेताचे पाट, विहिरीच्या रहाटाखालचे डबके, पऱ्याचा चिखल या त्या जागा. खाऱ्या खाजणात ही गोगलगाय टिकत नाही. कातळाच्या सड्यावरचे गवत वाळले की तिथेही भीती नाही.

अंगात शिरल्यावर काय होते

पुटकुळी मेंढीच्या लहान आतड्यात फुटते. काही तासांत पिल्लू आतड्याची भिंत भोकसून पोटाच्या पोकळीत येते आणि चार ते सहा दिवसांत कलेजीला पोचते. पुढचे सहा ते आठ आठवडे ते कलेजी पोखरत फिरते. मग पित्तनलिकेत शिरून मोठे होते आणि अंडी घालू लागते. हेपॅटिकाची अंडी लेंडीत दिसायला दहा-बारा आठवडे लागतात, जायगँटिकाला तेरा ते सोळा.

मेंढीच्या रक्ताला ही घुसखोरी कळते. इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी पहिल्या काही आठवड्यांतच भराभर वाढतात. दोन ते चार आठवड्यांत रक्तात प्रतिपिंडे, म्हणजे शत्रूला चिकटणारी प्रथिने, दिसू लागतात आणि त्यांत आयजीजी-१ या प्रकाराचा भरणा असतो. टी पेशी, म्हणजे झगड्याची दिशा ठरवणाऱ्या पांढऱ्या पेशी, ज्या वळणावर जातात त्याला शास्त्रात टी-हेल्पर २ म्हणतात. इंटरल्यूकिन ४, ५ आणि १३ हे संदेश सुटतात. ते प्रतिपिंडे आणि इओसिनोफिल वाढवतात आणि जखम भरायला लावतात. पेशींना थेट हल्ला करायला उठवणारा इंटरफेरॉन गॅमा हा संदेश मात्र दबतो. लागण जुनी होत जाते तसे इंटरल्यूकिन १० आणि टीजीएफ-बीटा हे शांत करणारे संदेश वाढतात आणि अंग एका अर्थाने थकून तडजोड करते.

फ्लूक या सगळ्याला तोंड देतो तो चार प्रकारे. त्याच्या कातडीवर साखरेच्या रेणूंचे अस्तर असते. प्रतिपिंडे त्याला चिकटली की तो ते अस्तर झटकून नवे चढवतो. कॅथेप्सिन एल नावाचे पाचक द्रव्य सोडून तो प्रतिपिंडाचा रेणूच मधोमध तोडतो. पेशी ज्या ऑक्सिजनच्या तिखट रेणूंनी कृमी जाळतात, ते विझवणारी द्रव्ये त्याच्याजवळ असतात. शिवाय मॅक्रोफेज या शत्रूला गिळणाऱ्या पेशींना तो मारण्याच्या कामावरून काढून जखम भरण्याच्या कामाला लावतो. एवढे करून तो पित्तनलिकेत जाऊन बसला की रक्तातल्या पेशी तिथे फारशा पोचतच नाहीत. मेंढीत हेपॅटिका कित्येक वर्षे जिवंत राहतो.

गाय-बैलात चित्र वेगळे असते. त्यांच्या कलेजीत घट्ट पांढरे तंतू धरतात, पित्तनलिकांच्या भिंती जाड होऊन त्यांत चुना बसतो आणि सुरी फिरवली की करकर आवाज येतो. त्या कठीण नळीत कृमीला जगणे अवघड जाते, म्हणून जुनी जनावरे काही प्रमाणात सावरतात. मेंढीची कलेजी इतकी कठीण होत नाही. नळी फुगते, जाड होते, दाबली की तपकिरी पित्ताबरोबर कृमी बाहेर येतात. खाटकाकडे कापलेल्या मेंढीची कलेजी एकदा स्वतः अशी दाबून पाहा. खांडीची अवस्था कळायला याहून स्वस्त तपासणी नाही.

इंडोनेशियातल्या बारीक शेपटीच्या मेंढ्या

याला एक मोठा अपवाद आहे. इंडोनेशियातली बारीक शेपटीची मेंढी फॅसिओला जायगँटिकाचा बंदोबस्त करू शकते. कृमी कलेजीला लागण्याआधी, पोटाच्या पोकळीत असतानाच इओसिनोफिल आणि मॅक्रोफेज प्रतिपिंडांच्या मदतीने पिल्लाला घेरतात आणि ऑक्सिजनच्या तिखट रेणूंनी मारतात. तीच मेंढी हेपॅटिकापुढे हात टेकते, कारण हेपॅटिकाच्या पिल्लाजवळ ते रेणू विझवणारी द्रव्ये जास्त असतात.

यातून आपल्या कामाची एक गोष्ट निघते. मेंढीच्या अंगाला फ्लूक मारता येतो तो पहिल्या एक-दोन आठवड्यांत, तो पोकळीत किंवा कलेजीत नुकता शिरला असताना. आपल्या दख्खनी मेंढीच्या अंगाला ही वेळ साधेल या भरवशावर खांड सोडू नका. ते काम औषधाकडून करून घ्यायचे. फ्लूकवर बाजारात लस नाही. प्रयोग बरेच झाले, पण संरक्षण एकसारखे मिळाले नाही. कोणी फ्लूकची लस म्हणून काही विकत असेल तर घेऊ नका.

रोग ओळखताना होणाऱ्या चुका

डिसेंबर-जानेवारीत मेंढ्या सुस्तावतात, पोटाला हात लावू देत नाहीत, एखादी अचानक मरते. लेंडी तपासली तर अंडे एकही नाही. कारण कृमी अजून लहान आहेत, कलेजी पोखरत आहेत, अंडी घालण्याचे त्यांचे वय झालेले नाही. या वेळी रक्ताची प्रतिपिंड तपासणी उपयोगी पडते. यकृताचे जीएलडीएच हे एन्झाइम याच काळात वाढते. जीजीटी हे दुसरे एन्झाइम वाढते ते पित्तनलिका बिघडल्यावर.

फेब्रुवारीनंतरचे रूप सावकाश येते. एक मोठा कृमी दिवसाला ०.२ ते ०.५ मिलीलीटर रक्त घालवतो. शंभर कृमी असले तर रोजचे २० ते ५० मिलीलीटर. डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली तर गुलाबीऐवजी पांढुरकी, लोकर ओढली की हातात येते, संध्याकाळी जबड्याखाली पाणी उतरलेले. पण जबड्याखालचे पाणी फक्त फ्लूकचे नसते. चौथ्या पोटातला रक्तपिपासू गोलकृमी हिमोंकसही हेच करतो आणि त्याच्यावर फ्लूकचे प्रत्येक औषध चालत नाही. सूज पाहून बाटली उघडू नका.

प्रतिपिंड तपासणीबद्दल तीन गोष्टी लक्षात ठेवा. औषधाने कृमी मेल्यावरही प्रतिपिंडे काही महिने रक्तात राहतात, म्हणून औषध लागू पडले का हे या तपासणीवरून ठरवायचे नाही. तीन महिन्यांखालच्या कोकराच्या रक्तात आईच्या चिकातून आलेली प्रतिपिंडे असतात; त्याचा निकाल "आहे" आला तरी कोकराला लागण असेलच असे नाही. आणि प्रतिपिंडे भरपूर आहेत म्हणजे मेंढी सुरक्षित आहे, असा अर्थ कधीही काढू नका. फ्लूकमध्ये त्यांचा अर्थ एवढाच, की कृमी आत येऊन गेला किंवा अजून आहे.

नमुना कसा आणायचा

खांडीतल्या आठ-दहा मेंढ्यांच्या ताज्या लेंड्या वेगवेगळ्या पिशव्यांत घ्या, प्रत्येकी ५ ग्रॅम तरी. पिशवीतली हवा दाबून काढा, बर्फाच्या डब्यात ठेवा, पण गोठवू नका. चोवीस तासांत पोचल्या तर उत्तम. खडखडीत मेंढ्यांच्याही घ्या, फक्त आजारी निवडू नका. रक्तासाठी लाल टोपीची नळी, ५ मिलीलीटर. हलवायची नाही, उन्हात ठेवायची नाही.

फ्लूकचे अंडे जड असते. गोलकृमीसाठी वापरतात त्या मिठाच्या पाण्यावर ते तरंगत नाही, म्हणून आम्ही लेंडी पाण्यात कालवून, गाळून, तळाला बसू देतो. वरचे पाणी ओतून पुन्हा स्वच्छ पाणी घालतो, निवळेपर्यंत. तळाच्या गाळात मेथिलीन ब्लूचा थेंब टाकला की गवताचा चोथा निळा होतो आणि फ्लूकचे अंडे सोनेरी पिवळे राहते, एका टोकाला बारीक झाकण असलेले. अँफिस्टोमचे अंडे तेवढेच मोठे पण राखाडी, काचेसारखे. इतर कोणी मिठाच्या पाण्याने तपासून "फ्लूक नाही" म्हटले असेल तर तो निकाल धरू नका.

औषध: कोणते, केव्हा, किती

ट्रायक्लाबेंडाझोल, किलोला १० मिलिग्रॅम: दोन-तीन दिवसांच्या पिल्लापासून मोठ्या कृमीपर्यंत सगळ्यांवर चालते. गोलकृमीवर काही उपयोग नाही.

क्लोसँटेल, किलोला १० मिलिग्रॅम, आणि रॅफॉक्सॅनाइड, किलोला ७.५ मिलिग्रॅम: सहा-आठ आठवड्यांपुढच्या कृमींवर. क्लोसँटेल जास्त पाजले तर मेंढी आंधळी होते आणि ती नजर परत येत नाही.

ऑक्सिक्लोझॅनाइड, किलोला १५ मिलिग्रॅम: फक्त मोठ्या कृमींवर, पण अँफिस्टोमवरही. ३.४ टक्क्यांच्या बाटलीतून ३० किलोच्या मेंढीला साधारण १३ मिलीलीटर. बाटलीवरची टक्केवारी वाचूनच मोजा.

अल्बेंडाझोल मोठ्या कृमींवर थोडेफार चालते. नुकत्या गाभण मेंढीला देऊ नये. आयव्हरमेक्टिनने फ्लूक मरत नाही, कितीही वेळा टोचले तरी.

आमचा आराखडा असा. कोकणात उतरल्यावर साधारण सहा ते आठ आठवड्यांनी ट्रायक्लाबेंडाझोल. तोवर खाल्लेली पिल्ले कलेजीत सापडतात. परतीच्या आधी, एप्रिलच्या सुमारास, ऑक्सिक्लोझॅनाइड, म्हणजे घाटावरच्या पाण्यात अंडी जाणार नाहीत. दोन्ही वेळा आपल्या पशुवैद्यकाला विचारून. ट्रायक्लाबेंडाझोलला न जुमानणारे कृमी १९९५ मध्ये ऑस्ट्रेलियात नोंदले गेले. तेच औषध दरवर्षी सगळ्यांना उगाच पाजत गेले की असे कृमी निपजतात. म्हणून आधी तपासणी, आणि पाजल्यावर तीन आठवड्यांनी पुन्हा लेंडी. त्याआधी तपासली तर पित्ताशयात उरलेली जुनी अंडी दिसतात आणि उगाच औषधाला दोष जातो.

औषध फसते ते बहुधा अंदाजाने. खांडीचे सरासरी वजन धरून सगळ्यांना एकच मात्रा दिली की दांडग्या मेंढीला कमी पडते आणि बारकीला जास्त. ताणकाट्याला झोळी बांधून दहा तरी मेंढ्या तोला, खांडीचे तीन गट करा, प्रत्येक गटात सर्वांत जड मेंढीच्या वजनाची मात्रा द्या. क्लोसँटेल असेल तर मात्र प्रत्येक मेंढी वेगळी तोला. पिचकारीचे माप मोजणीच्या नळीत एकदा पडताळा. पाजताना नाक डोळ्याच्या रेषेच्या वर उचलू नका, औषध श्वासनलिकेत जाते. दूध आणि मांस किती दिवस वापरायचे नाही ते बाटलीवर लिहिलेले असते.

पीपीआर किंवा आंत्रविषाराची लस द्यायची असेल तर फ्लूकचे औषध दोन-तीन आठवडे आधी उरका. फ्लूक अंगाची प्रतिक्रिया एका बाजूला ओढून धरतो. गाईंमध्ये क्षयाच्या चाचणीचा निकालही त्याने बिघडतो.

अचानक मेलेल्या मेंढीबद्दल: पिल्लांनी पोखरलेल्या कलेजीत क्लॉस्ट्रिडियम नोव्ही या जिवाणूचे बीज फुलून ब्लॅक डिसीज हा रोग होऊ शकतो. पण नाकातोंडातून किंवा गुदद्वारातून रक्त येत असेल तर ते जनावर कापू नका; तो फाशी रोग असू शकतो, माणसालाही लागतो. आधी पशुवैद्यकाला बोलवा.

चारा

कापलेल्या भाताचा बुडखा पाण्यात राहिलेला असतो आणि पुटकुळ्या तिथेच असतात. पेंढ्याचा खालचा तिसरा हिस्सा कापून वेगळा ठेवा, वरचा भाग चारा म्हणून घाला. ताजा पेंढा तीन दिवस कडक उन्हात वाळवून मग घातला तर पुटकुळ्या मरतात. ढगाळ हवेत अंदाजाने तीन दिवस मोजू नका. पाण्याचे भांडे उंचावर ठेवा आणि भोवतीचा चिखल उपसून खडी टाका. व्हाळाच्या काठावर मेंढरे सकाळी भुकेली नेऊ नका. आधी सड्यावर किंवा वरकस जमिनीवर चरवून मग पाण्यावर न्या, म्हणजे काठाचे गवत कमी खाल्ले जाते. पाण्यात उगवलेली हिरवी भाजी कच्ची खाऊ नका. हा कृमी माणसालाही लागतो.