स्पार्जिंग (लहान भांड्यातील)

बिअरसाठी भिजवलेल्या माल्टाच्या (मोड आणून वाळवलेल्या धान्याच्या) चोथ्यात अडकलेली साखर गरम पाण्याने धुऊन काढण्याची क्रिया. भरडलेले जवाचे माल्ट ६५ ते ६८ अंश सेल्सिअस पाण्यात तासभर ठेवले की पिष्टाची साखर होते. हे गोड द्रावण म्हणजे वर्ट. ते निथळून घेतल्यावरही किलोमागे सुमारे लिटरभर वर्ट चोथा धरून ठेवतो.

संथ धारेच्या पद्धतीत चोथ्यावर बोटभर पाणी राखत वरून पाणी सोडतात आणि खालून तेवढेच वर्ट काढतात. यात तास जातो, शिवाय पाणी एकाच वाटेने उतरले तर बराच चोथा न धुताच राहतो. लहान भांड्याला टप्प्याटप्प्यानेच धुणे बरे. तळाशी जाळी व तोटी असलेल्या २० लिटरच्या भांड्यात ५ किलो माल्ट आणि १३ लिटर पाणी मिळून साडेसोळा लिटर जागा घेतात. पहिल्या निचऱ्यात ८ लिटर वर्ट येते. उकळायला २५ लिटर हवे असेल, तर उरलेले १७ लिटर पाणी एकदम मावत नाही. ते साडेआठ लिटरच्या दोन खेपांत घालतात. दर खेपेला नीट ढवळायचे, थोडे थांबायचे, सुरुवातीचे गढूळ वर्ट पुन्हा वर ओतायचे, मग तोटी उघडायची. थोडी साखर मागे राहते. मूठ-दोन मूठ जास्त माल्ट घातले की भरून निघते.

पाणी ७५ अंशांच्या आसपास असावे. फार गरम किंवा अल्कधर्मी पाण्याने टरफलातला तुरटपणा उतरतो. खानदेशात हीच खरी अडचण: काळ्या पाषाणातल्या विहिरींचे पाणी बहुधा जड, म्हणजे विरघळलेल्या क्षारांमुळे अल्कधर्मी असते. ते उकळून, साका बसू देऊन वरचे घेतात किंवा त्यात थोडे लॅक्टिक आम्ल टाकतात.

दादर ज्वारी (खानदेशातला रब्बी वाण) वापरायची तर तिला जवासारखे टरफल नाही. कण्या आधी शिजवून घ्याव्या लागतात आणि थर चिकटून तोटी तुंबते. भाताचा तूस मिसळला की पाणी उतरते. सातपुड्यातल्या मोहाच्या दारूला हा खटाटोप नाही, कारण साखर फुलातच असते.

महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ नुसार परवान्याशिवाय घरी बिअर करणे गुन्हा आहे. उरलेला चोथा गुरे खातात, पण उन्हाळ्यात तो त्याच दिवशी गोठ्यात पोचवावा. दुसऱ्या दिवशी आंबतो.