मनोनिग्रह वेगळा, मूल्यं वेगळी

कुणी मोह टाळला की लगेच "काय मनावर ताबा आहे!" म्हणायची पद्धत आहे. दर वेळी ताबाच असतो असं कुणी सांगितलं?

मनोनिग्रह सगळ्यांच्या परिचयाचा आहे. हवंसं वाटतं आणि दातओठ खाऊन हात आवरतो. फक्त तो बॅटरीसारखा संपतो, हे छातीठोकपणे सांगणं आता थांबवा. मानसशास्त्रज्ञ रॉय बाउमाइस्टर यांच्या १९९८ च्या प्रयोगामुळे ती कल्पना गाजली. २०१६ मध्ये २३ प्रयोगशाळांनी मिळून ती पडताळली, तेव्हा परिणाम जवळजवळ दिसलाच नाही.

खरी गल्लत पुढे आहे. टॅक्सीवाला कोरी पावती देतो आणि म्हणतो, "आकडा तुम्हीच टाका." पैसे कंपनी देणार. एकाच्या डोक्यात हिशेब सुरू होतो: किती वाढवता येतील, कोण तपासतंय, एकदाच तर करायचंय. शेवटी तो मन मारून खरा आकडा लिहितो. दुसरी खरा आकडा लिहिते, पावती पाकिटात टाकते आणि सामान उतरवायला लागते. तिच्यापुढे प्रश्नच उभा राहिला नाही. पहिल्याने निग्रह केला, दुसरीचं काम मूल्याने आधीच करून ठेवलं होतं. ॲरिस्टॉटलनेही हा भेद केला होता: वासनेशी झगडून जिंकणारा एक, आणि जिला झगडावंच लागत नाही अशी वृत्ती दुसरी. त्याने दुसरीला वरचा मान दिला. माझंही मत तेच, कारण हिशेब सुरू झाला की कधीतरी तो चुकीच्या बाजूने सुटतोच.

भीती हा तिसरा प्रकार. कॅमेरा बंद केला की ती ओळखू येते, पुढे बोलायला नको.

म्हणून मूल्यं अभेद्य असतात असं मात्र नाही. निग्रह मोडला की आपल्याला कळतं. मूल्य मोडत नाही, त्याला बगल दिली जाते. खोट्या बिलाला 'ॲडजस्टमेंट' म्हटलं की प्रामाणिक माणसालाही तिथे काही मोडल्यासारखं वाटत नाही. अल्बर्ट बँड्युरा या मानसशास्त्रज्ञाने अशा पळवाटांची यादीच केली, त्यात हे गोंडस नाव देणंही आहे. त्यामुळे मोहाच्या वेळी आणखी ताकद गोळा करण्यापेक्षा त्या गोष्टीला तिच्या खऱ्या नावाने हाक मारावी.

आणि गोड खाणं सुटत नाही म्हणून कुणाचे संस्कार काढू नका. तिथे नीतीचा प्रश्नच नाही, डबा नजरेआड ठेवला तरी पुरतं.