स्टॅकमॅप सक्तीचा झाला तेव्हा: बाइटकोड व्हेरिफिकेशनची पार्श्वभूमी

जावा 1995 मध्ये आली ती अ‍ॅपलेट (वेबपानात चालणारे छोटे प्रोग्राम) घेऊन. नेटवरून आलेला अनोळखी कोड चालवण्याआधी तपासायचा, ही अट तेव्हापासूनची. ही तपासणी करणारा सुरुवातीचा व्हेरिफायर बाइटकोडमधले (कंपायलरने बनवलेल्या सूचनांमधले) टाइप, म्हणजे डेटाचे प्रकार, स्वतःच शोधून काढायचा आणि ते बदलायचे थांबेपर्यंत तोच कोड पुन्हापुन्हा पिंजायचा. त्यातल्या पळवाटा 1996 मध्येच सापडू लागल्या. पुढच्याच वर्षी क्लासलोडरच्या (क्लास मेमरीत आणणाऱ्या भागाच्या) वाटेने टाइप सेफ्टी, म्हणजे एका टाइपचा डेटा दुसऱ्या टाइपचा म्हणून न वापरण्याची हमी, मोडून दाखवली गेली.

सोपा मार्ग लहान उपकरणांनी दाखवला. काही शे किलोबाइट मेमरीत जुनी पद्धत परवडणारी नव्हती. म्हणून 2000 च्या सुमारास मोबाइलसाठीच्या जावात टाइपची माहिती आधीच क्लास फाइलमध्ये (बाइटकोड असलेल्या फाइलमध्ये) लिहून ठेवायला सुरुवात झाली. हीच कल्पना 2006 मध्ये जावा 6 मध्ये 'स्टॅकमॅपटेबल' म्हणून आली. या तक्त्यातली प्रत्येक नोंद म्हणजे एक फ्रेम.

इथे एक गैरसमज अजूनही भेटतो: कंपायलरने लिहिलेल्या फ्रेमवर व्हीएम (बाइटकोड चालवणारं जावाचं व्हर्च्युअल मशीन) विश्वास ठेवतं. अजिबात नाही. प्रत्येक जंप जिथे पोचतो तिथे लोकल व्हेरिएबलमध्ये आणि स्टॅकवर (सूचनांच्या तात्पुरत्या किमती ठेवण्याच्या जागेवर) कोणते टाइप आहेत, हा फ्रेमचा नुसता दावा असतो. व्हेरिफायर एका फेरीत तो पडताळतो. खोटा निघाला तर क्लास नाकारला जातो.

निदान नियम तसा. पण जावा 6 मध्ये आवृत्ती 50 च्या क्लास फाइलला (हा फाइलच्या रचनेचा क्रमांक, जावाचा नव्हे) सवलत होती: नवी तपासणी फसली, तर जुन्या पद्धतीने पुन्हा पाहायचं. 2011 मध्ये जावा 7 ने आवृत्ती 51 पासून ती काढली, आणि 'फायनली'साठी वापरल्या जाणाऱ्या जेएसआर-रेट सूचनाही बंद केल्या. खरा वाद पेटला तो इथे. बाइटकोडमध्ये भर घालणारी टूल्स (वेग मोजणारे प्रोफायलर, चाचणीसाठी नकली ऑब्जेक्ट बनवणाऱ्या मॉकिंग लायब्रऱ्या) व्हेरिफायएरर, म्हणजे तपासणी फसल्याची त्रुटी, देऊन कोसळू लागली. फ्रेम नव्याने काढणं किचकट आहे: एका फांदीतून 'सर्कल' आलं, दुसरीतून 'स्क्वेअर', तर दोन्ही मिळतात तिथे त्यांचा समान पूर्वज लिहावा लागतो. तो शोधायला दोन्ही क्लासची वंशावळ हवी, आणि टूल काम करतं त्या क्षणी ते क्लास लोड झालेले असतीलच असं नाही. अनेकांनी 'यूजस्प्लिटव्हेरिफायर' हा नवी तपासणी वापरण्याचा पर्याय बंद करून वेळ मारून नेली. जावा 8 ने तो पर्यायही काढला.

टूलवाल्यांची तक्रार रास्त होती. हा भार त्यांच्याच डोक्यावर आला. तरीही निर्णय योग्यच होता. फ्रेम चुकीची लिहून कोणीही जुन्या व्हेरिफायरकडे वळू शकत असेल, तर नव्या तपासणीने सुरक्षा काय वाढली? टीकाकारांचा एक मुद्दा मात्र खोडता येत नाही: आवृत्ती 49 आणि त्याआधीच्या फाइलसाठी जुनी पद्धत जावा 21 च्या स्पेसिफिकेशनमध्येही आहे.

2017 मध्ये ब्राउझरमध्ये आलेल्या वेबअसेम्ब्ली या दुसऱ्या बाइटकोडने ही डोकेदुखी मुळातच टाळली. तिथे मनमानी जंप नाहीत, प्रत्येक ब्लॉकचा टाइप जाहीर असतो, त्यामुळे वेगळा तक्ता न लिहिता एका फेरीत तपासणी होते. जावाच्या जगात स्टार्टअप वेगवान व्हावा म्हणून तपासणीच बंद करणारा 'नोव्हेरिफाय' पर्याय बराच काळ सर्रास वापरला जात होता. 2019 मध्ये जावा 13 ने तो कालबाह्य ठरवला.