ढगांवरचे दोन किल्ले: ताकेदा आणि बित्चू-मात्सुयामा

जपानमधला ‘ढगांतला किल्ला’ म्हणून मोबाइलवर फिरणारे फोटो एकाच गडाचे नसतात. बहुतेकदा ते दोन गडांचे असतात: ह्योगो प्रांतातल्या आसागो शहराजवळचा ताकेदा आणि ओकायामा प्रांतातल्या ताकाहाशी गावावरचा बित्चू-मात्सुयामा. दोन्ही डोंगरमाथ्यावर, दोन्हींच्या खाली नदी, आणि शरद ऋतूत पहाटे नदीवरून चढणारं धुकं दोघांनाही वेढून टाकतं. ओळखायची खूण सोपी आहे. फोटोत छप्पर दिसतं का ते बघा. नुसते दगडी तट आणि चौथरे असतील तर ताकेदा. पांढऱ्या भिंती, काळी कौलं दिसली तर मात्सुयामा.

एक उजाड झाला आणि दुसरा उभा राहिला, याचं कारण त्यांच्या इतिहासात आहे.

ताकेदा साधारण 353 मीटर उंचीवर आहे. परंपरेनुसार तो 1440च्या दशकात यामाना सोझेन या सरदारानं बांधवला आणि पुढे पिढ्यान्‌पिढ्या ओतागाकी घराण्याकडे किल्लेदारी राहिली. 1577मध्ये पुढे जपान एकत्र आणणाऱ्या हिदेयोशी या सेनानीचा भाऊ हिदेनागा यानं तो जिंकला. आज दिसणारी तटबंदी मात्र शेवटचा गडपती आकामात्सु हिरोहिदे याच्या काळातली मानतात. दगड फारसे न घडवता, चुना न वापरता एकावर एक असे बसवलेत की कोपऱ्यांची धार चारशे वर्षांनंतरही सरळ आहे. मला या गडाचं सगळं वैभव या कोपऱ्यांतच दिसतं.

हिरोहिदे विद्येची कदर करणारा होता. कोरियातून कैद करून आणलेल्या कांग हांग या पंडिताला त्यानं मदत केली होती. जपानची सत्ता कुणाकडे जाणार हे ठरवणाऱ्या सेकिगाहाराच्या लढाईच्या वर्षी, 1600मध्ये, तो आधी हरणाऱ्या बाजूला होता. मग बाजू बदलून तोत्तोरी किल्ल्याच्या वेढ्यात उतरला. तिथलं गाव जळालं, त्याचा ठपका त्याच्यावर आला आणि त्याला सेप्पुकू, म्हणजे स्वतःचं पोट चिरून प्राण देणं, करावं लागलं. गडपती गेला, गडही सोडून दिला गेला. तेव्हापासून तिथे फक्त दगड आहेत.

मात्सुयामा वयानं थोरला. गाग्यू डोंगरावर 1240मध्ये पहिलं ठाणं उभं राहिलं. सध्याची इमारत 1683च्या सुमारास मिझुनोया कात्सुमुने यानं आकाराला आणली. कारभार पायथ्याच्या वाड्यातूनच चाले, रोज वर चढणार कोण! जपानमध्ये जुना मूळ बालेकिल्ला टिकलेल्या बारा किल्ल्यांपैकी डोंगरी किल्ला हा एकटाच, सुमारे 430 मीटरवर.

तो टिकला त्याला चढाचीही मदत झाली. मेइजी काळात, म्हणजे 1868नंतर सरदारांची सत्ता संपल्यावर, किल्ले मोडीत निघाले, खालचा वाडा पाडला गेला, पण वरची इमारत उतरवणं परवडेना म्हणून ती तशीच सोडली. पुढे ती कुजत गेली, आणि 1940च्या सुमारास गावानं डागडुजी केली. आत गेलात तर खालच्या मजल्यावर जमिनीत बसवलेली दगडी चूल नक्की बघा. वेढा पडला तर गडपतीला तिथे ऊब आणि जेवण मिळावं, अशी ती सोय. ताकेद्याला असं घरपण कुठेच उरलेलं नाही. तिथे भटकायचं ते तटांसाठी, आणि ढगांतला गड पाहायचा असेल तर पहाटे समोरच्या डोंगरावरच्या रित्सुउनक्यो या ठिकाणी जायचं, तिथून तो दिसतो.